मोबाइलच्या पेठेत किल्ली कोणाच्या हाती?

१ मार्च २०२४ हा शुक्रवार होता. विवाहस्थळे सुचवणारी भारत मॅट्रिमोनी आणि शादी डॉट कॉम, नोकऱ्यांची माहिती देणारे नौकरी डॉट कॉम, घरे व जागांच्या व्यवहारांचे नाइन्टीनाइन एकर्स, श्राव्य पुस्तके ऐकवणारे कुकू एफएम अशी घरोघरी परिचित असलेली भारतीय ॲप त्या दिवसापासून गुगलच्या प्ले स्टोअरवरून एकापाठोपाठ एक दिसेनाशी झाली. ज्यांच्या मोबाइलमध्ये ती आधीपासून होती, त्यांच्याकडे ती चालत राहिली. नव्या ग्राहकाला मात्र ती सापडेनात. पेढी उघडी आहे, माल भरलेला आहे, गुमास्ते जागेवर आहेत. पण रस्त्यावरून पेढीकडे येणारी वाटच कोणी बुजवून टाकली आहे, असा तो प्रकार होता.

वाद पैशाचा होता. ॲपमधून विकल्या जाणाऱ्या डिजिटल सेवांवर गुगलने ठरवलेली दलाली देण्यास या कंपन्यांचा विरोध होता. त्यांनी मद्रास उच्च न्यायालयात दाद मागितली. तेथे यश आले नाही, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम संरक्षण देण्यास नकार दिला. त्यानंतर तीन आठवडे थांबून गुगलने कारवाई केली. गुगलचे म्हणणे असे की, दोन लाखांहून अधिक भारतीय ॲपनिर्माते नियम पाळतात. केवळ दहा कंपन्या बाजाराचा लाभ घेऊन भाडे देत नाहीत. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री अश्विनी वैष्णव यांनी भारतीय ॲप अशी काढून टाकणे मान्य होणार नाही, अशी भूमिका घेतली. बैठका झाल्या, काही ॲप दुसऱ्याच दिवशी परतली आणि उरलेली ५ मार्चच्या सुमारास तात्पुरत्या तडजोडीने पुन्हा दिसू लागली.

चार-पाच दिवसांचा खेळ, असे म्हणून हा प्रसंग विसरता आला असता. परंतु व्यापार करणाऱ्या कुटुंबांनी त्यातील एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. हा प्रकार आयफोनवर घडला नव्हता. आयफोनची व्यवस्था बंदिस्त आहे, हे सर्वांनाच ठाऊक असते. हे घडले अँड्रॉइडवर. म्हणजे ज्या व्यवस्थेची ओळखच मुळी ‘खुली’ अशी करून दिली जाते, त्या व्यवस्थेत. भारतातील शंभरातले नव्वदहून अधिक स्मार्टफोन अँड्रॉइडवर चालतात. तेव्हा या खुलेपणाचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न केवळ संगणक अभियंत्यांचा उरत नाही.

दोन पेठा कशा वसल्या

जून २००७ मध्ये पहिला आयफोन विक्रीस आला, तेव्हा त्यात बाहेरच्या कोणाचेही ॲप घालण्याची सोय नव्हती. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता की, बाहेरच्यांनी आपले काम संकेतस्थळांच्या रूपानेच करावे. वर्षभरात त्यांना हा आग्रह सोडावा लागला, आणि १० जुलै २००८ रोजी सुमारे पाचशे ॲप घेऊन ॲप स्टोअर उघडले. अट स्पष्ट होती. प्रत्येक ॲप ॲपलचे परीक्षक तपासतील, विक्री ॲपलच्याच दुकानातून होईल, आणि शंभर रुपयांच्या विक्रीतील सत्तर ॲप बनवणाऱ्याचे व तीस ॲपलचे.

आज तीस टक्के ऐकून कोणाही व्यापाऱ्याच्या कपाळावर आठी पडेल. धान्याच्या अडतीत, कापडाच्या दलालीत किंवा किराण्याच्या घाऊक धंद्यात इतका वाटा मध्यस्थाला देऊन कोणाची पेढी टिकेल? पण न्यायाने पाहायचे तर २००८ चा काळही आठवला पाहिजे. त्यापूर्वी मोबाइलवर रिंगटोन, खेळ किंवा ज्योतिषाचा संदेश विकायचा असेल, तर टेलिफोन कंपन्यांच्या दारी जावे लागे. विक्रीतील मोठा वाटा त्याच ठेवून घेत, हिशेब महिनोन्‌महिने मिळत नसे आणि ग्राहक कोण हेही कळत नसे. त्या तुलनेत ॲपलचा करार म्हणजे दिलासा होता. घरातील एका खोलीत बसून लिहिलेले ॲप एका दिवसात जगभर विकता येऊ लागले. बंदिस्त पेठेनेच लहान कारागिराला पहिल्यांदा मोठे गिऱ्हाईक मिळवून दिले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

अँड्रॉइडची घडण वेगळी. त्या नावाची लहानशी कंपनी गुगलने २००५ मध्ये विकत घेतली. ५ नोव्हेंबर २००७ रोजी चौतीस कंपन्यांचा एक संघ जाहीर झाला आणि अँड्रॉइडची मूळ संहिता, म्हणजे तो ज्या आज्ञावलीवर चालतो ती, कोणालाही विनामूल्य वापरता येईल असे ठरले. भारतात याचे फळ लवकर दिसले. मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा अशा देशी नावांचे स्वस्त स्मार्टफोन बाजारात आले. स्वतःची कार्यप्रणाली घडवण्याइतके भांडवल यांपैकी कोणाकडेच नव्हते. तयार पाया फुकट मिळाला म्हणून ते उभे राहू शकले, आणि पाच-सात हजारांत स्मार्टफोन खेड्यापाड्यांत पोहोचला. तालुक्याच्या गावी किराणा दुकानात बसलेल्या माणसाच्या हाती आज जो फोन आहे, तो या खुलेपणाचीच देणगी आहे.

खुल्या पेठेतील कुलूपबंद खोली

पण संहिता फुकट मिळते म्हणजे सारे काही मिळते, असे नाही. मूळ अँड्रॉइडवर प्ले स्टोअर नसते, गुगलचे नकाशे नसतात, जीमेल किंवा यूट्यूब नसते. शिवाय ‘गुगल प्ले सर्व्हिसेस’ नावाचा एक थर असतो. सूचना पाठवणे, ठिकाण ओळखणे यांसारख्या कामांसाठी असंख्य ॲप त्याच्यावर विसंबून असतात. हा थर खुला नाही. तो हवा असेल तर फोन बनवणाऱ्या कंपनीला गुगलशी करार करावा लागतो. वर्षानुवर्षे त्या कराराचे स्वरूप असे होते की, प्ले स्टोअर हवे तर गुगलची इतर ॲपही एकगठ्ठा घ्यावीत, ती ठरावीक जागी बसवावीत, आणि अँड्रॉइडमध्ये फेरफार करून बनवलेली दुसरी कोणतीही प्रणाली आपल्या कोणत्याही फोनवर विकू नये.

या अटीची धार २०१२ मध्ये दिसली. तैवानची एसर ही कंपनी चीनच्या अलीबाबा समूहाच्या अलियुन प्रणालीवर चालणारा फोन त्या सप्टेंबरात सादर करणार होती. ऐनवेळी तो कार्यक्रम रद्द झाला. अलियुन ही अँड्रॉइडशी विसंगत अशी आवृत्ती आहे, असा गुगलचा आक्षेप होता, आणि एसरला आपले बाकीचे अँड्रॉइड फोन धोक्यात घालणे परवडणारे नव्हते. पुढे मे २०१९ मध्ये अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे हुआवेला गुगलच्या सेवा मिळणे बंद झाले. मूळ अँड्रॉइड त्या कंपनीला तेव्हाही मोकळाच होता. तरी चीनबाहेरील ग्राहकाला प्ले स्टोअर नसलेला फोन नको होता, आणि त्या बाजारांत हुआवेची पीछेहाट झाली. जमीन सरकारी, रस्ता सार्वजनिक, पण गावातील एकमेव विहीर खासगी. अशा गावात बिऱ्हाड करण्याचे स्वातंत्र्य कागदावर कितीही असले तरी पाण्यासाठी हात कोणापुढे पसरायचा, हे ठरलेलेच असते.

भारतात या विहिरीविषयी पहिली गंभीर तक्रार कोणा मोठ्या कंपनीने केली नाही. कायदा व स्पर्धानीतीच्या अभ्यासातील तीन तरुणांनी ती भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. २०१९ मध्ये चौकशी सुरू झाली आणि २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पाच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, प्ले स्टोअरमधील देयकाच्या सक्तीबद्दल आणखी ९३६.४४ कोटींचा दंड झाला. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या आदेशाला स्थगिती देण्यास नकार दिल्यावर गुगलने भारतापुरते काही बदल जाहीर केले. फोन बनवणाऱ्यांना एकेक ॲप स्वतंत्रपणे घेता येईल, ग्राहकाला शोधयंत्र निवडता येईल, आणि ॲपविक्रेत्याला गुगलच्या जोडीने दुसरी देयकव्यवस्था ठेवता येईल, असे ठरले.

अपिलात चित्र थोडे पालटले. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २९ मार्च २०२३ रोजी पहिला दंड कायम ठेवला, पण दहापैकी चार निर्देश रद्द केले. त्यातील एक असा होता की, इतरांची ॲप-दुकानेही प्ले स्टोअरमधून मिळू द्यावीत. देयकाच्या प्रकरणातील दंड मार्च २०२५ मध्ये २१६.६९ कोटींवर आणला गेला. युरोपात याच स्वरूपाच्या प्रकरणात २०१८ साली ४.३४ अब्ज युरोंचा दंड झाला होता, आणि तोही अपिलात ४.१२५ अब्जांपर्यंतच खाली आला. दंडाचे आकडे वाचून समाधान होते खरे. परंतु गुगलच्या आकाराच्या कंपनीला दंड हा धंद्याच्या खर्चातील एक रकाना ठरू शकतो. खरा बदल निर्देशांनी होतो, आणि निर्देशांपैकी सर्वांत धारदार असे तेच गळाले.

अडतीचा हिशेब

दलाली कोणावर बसते, याविषयी व्यापारी वर्गात बराच गैरसमज आढळतो. ॲपद्वारे साडी, डाळ, भांडी किंवा दागिना विकला, टॅक्सी बोलावली, जेवण मागवले, तर ॲपल आणि गुगल यांपैकी कोणीही दलाली घेत नाही. प्रत्यक्ष वस्तू व सेवा यांतून वगळलेल्या आहेत. दलाली आहे ती मोबाइलमध्येच उपभोगल्या जाणाऱ्या गोष्टींवर: वर्गणी, खेळातील खरेदी, ऑनलाइन अभ्यासक्रम, श्राव्य पुस्तके, विवाहस्थळांचे सशुल्क सभासदत्व. म्हणजे कापडाच्या दुकानाचे ॲप काढणाऱ्या वडिलांना जी अडत लागत नाही, ती शिकवणीचे ॲप काढणाऱ्या मुलाला लागते.

दरही सर्वांना सारखे नाहीत. लहान निर्मात्यांसाठी ॲपलने २०२१ च्या जानेवारीत आणि गुगलने त्याच वर्षीच्या जुलैत पंधरा टक्क्यांची सवलत आणली. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईला ती मिळते. भारतात दुसरी देयकव्यवस्था वापरली तर गुगल आपल्या दरात चार टक्क्यांची सूट देते, म्हणजे पंधराचे अकरा आणि तिसाचे सव्वीस होतात. आता देयक स्वतः घेण्याचा खर्च त्या चार टक्क्यांतून भागवला की हाती फारसे काही उरत नाही. पर्याय दिला, पण तो निवडून लाभ होणार नाही अशी आखणी केली, अशी टीका यावर झाली, आणि आकडेमोड जाणणाऱ्या कोणालाही ती अनाठायी वाटणार नाही.

हा भार शेवटी येतो कोणावर? फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने भारतात सशुल्क सभासदत्व सुरू केले, तेव्हा संगणकावरून घेणाऱ्याला महिना ६५० रुपये आणि मोबाइल ॲपमधून घेणाऱ्याला ९०० रुपये असा दर होता. नऊशेतून तीस टक्के वजा केले तर सहाशे तीस उरतात. सेवा एकच, विक्रेता एकच. अडीचशे रुपयांचा फरक दाराचा. बहुतेक ग्राहकांना तो कळत नाही, कारण ‘आमच्याकडे थेट आलात तर स्वस्त पडेल’ अशी पाटी लावण्यासही ॲपलची बराच काळ मनाई होती. आयफोनवरील किंडल ॲपमध्ये पुस्तक वाचता येत असे, पण विकत घेण्याचे बटणच नसे, आणि ते का नाही हेही ॲपमध्ये सांगण्याची मुभा नव्हती. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ॲपलला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवल्यानंतर त्या देशापुरते हे दार किलकिले झाले.

तो आदेश एपिक गेम्स या कंपनीच्या दाव्यातून आला. ऑगस्ट २०२० मध्ये तिने आपल्या फोर्टनाइट या खेळात स्वतःची देयकव्यवस्था मुद्दाम घातली. ॲपल आणि गुगल या दोघांनीही त्याच दिवशी तो खेळ काढून टाकला, आणि एपिकने दोघांवरही दावे लावले. निकाल मात्र उलटसुलट लागले. बंदिस्त ॲपलने २०२१ मध्ये बहुतांश मुद्दे जिंकले; खुल्या गुगलच्या विरोधात डिसेंबर २०२३ मध्ये ज्युरीने एकमताने कौल दिला. वरवर हे अजब वाटते, पण त्यामागे व्यवहाराचे तर्कशास्त्र आहे. ॲपल स्वतःच्या वाड्यात स्वतःचे दुकान चालवते आणि तसे उघड सांगते. गुगलने अनेक फोन-कंपन्यांना बोलावून पेठ वसवली, पेठ सर्वांची असल्याचे सांगितले, आणि मग त्याच कंपन्यांशी व मोठ्या ॲपनिर्मात्यांशी असे करार केले की दुसरे दुकान तेथे उभेच राहू नये. बाजार सर्वांसाठी मोकळा असल्याचा पुकारा करणाऱ्यावर त्या पुकाऱ्याची जबाबदारी येतेच.

बंद दाराचा उपयोग

एवढे वाचून कोणाला वाटेल की दारे सताड उघडावीत, म्हणजे प्रश्न मिटला. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली येथील एका शासकीय कर्मचाऱ्याला अनोळखी क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका आली. ती पत्रिका नव्हती. पत्रिकेच्या रूपातील एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून थेट बसणारे ॲप होते. ते उघडल्यानंतर त्यांच्या खात्यातून सुमारे एक लाख नव्वद हजार रुपये गेले. अशा फसवणुकीची रीत देशभर सारखीच आहे. ॲप बसताना संदेश वाचण्याची परवानगी मागते, माणूस न वाचता ‘होय’ म्हणतो, आणि बँकेकडून येणारा ओटीपी परस्पर चोराच्या हाती पडतो. वाहतूक दंडाची पावती, बँकेची केवायसी, सरकारी योजनेचा हप्ता अशी तिची अनेक सोंगे आहेत. ज्या समाजात लग्नसराईत दिवसाला चार-चार पत्रिका व्हॉट्सॲपवर येतात आणि व्यवसायाचे बँक खाते त्याच फोनवर चालते, तेथे हे सोंग सर्वांत घातक.

आयफोनवर ही फसवणूक या मार्गाने होऊ शकत नाही, कारण भारतात आयफोनवर सामान्य ग्राहकाला बाहेरचे ॲप असे बसवताच येत नाही. घरातील ज्येष्ठांच्या हाती आयफोन देणारी मुले बहुधा कॅमेऱ्यापेक्षा याच निश्चिंतीचे पैसे मोजत असतात, आणि त्यात काही चूक नाही. जुन्या फोनलाही अनेक वर्षे सुरक्षा-अद्यतने मिळत राहतात. स्वस्त अँड्रॉइड फोनला ती दोन-तीन वर्षांत थांबल्याचा अनुभव अनेकांचा आहे. उलट, एकदा त्या वाड्यात राहायला गेले की बाहेर पडणे जड जाते. विकत घेतलेली ॲप दुसरीकडे येत नाहीत, छायाचित्रे ॲपलच्या साठ्यात अडकतात. इतकेच काय, व्हॉट्सॲपवरील जुनी संभाषणे आयफोनवरून अँड्रॉइडवर किंवा उलट नेण्याची अधिकृत सोय २०२१-२२ पर्यंत नव्हती. व्यापाऱ्याच्या बाबतीत या संभाषणांत भाव, मागण्या आणि उधारीच्या कबुल्या असतात.

सुरक्षिततेचे कारण खरे आहे. मात्र ते दलालीचे कारण होऊ शकत नाही, हे वेगळे सांगितले पाहिजे. दाराशी पहारेकरी ठेवल्याबद्दल बाजाराने वाजवी पट्टी घ्यावी. पहारेकऱ्याच्या नावाखाली प्रत्येक विक्रीतील चौथा-तिसरा हिस्सा घेणे, आणि आतील दुकानदारांशी स्पर्धा करणारे स्वतःचे दुकानही तेथेच थाटणे, हा निराळा व्यवहार आहे. गुगलची स्वतःची देयकसेवा, संगीतसेवा, चित्रफीतसेवा त्याच पेठेत आहेत. ॲपलचेही तसेच. सप्टेंबर २०२० मध्ये पेटीएमचे ॲप नियमभंगाच्या कारणावरून काही तासांसाठी प्ले स्टोअरवरून निघाले, तेव्हा सर्वांना पहिली आठवण झाली ती हीच, की गुगल पे हा पेटीएमचा प्रतिस्पर्धी आहे.

बाहेर पडण्याची वाट

खुलेपणाची पारख आत येताना होत नाही, सोडून जाताना होते. याचे सर्वांत जवळचे उदाहरण दुकानाच्या गल्ल्यावरच चिकटवलेले असते. मुंबईत मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१६ मध्ये यूपीआय सुरू केले. ग्राहकाचे खाते कोणत्याही बँकेत असो, ॲप कोणतेही असो, दुकानातला एकच क्यूआर फलक सर्वांना चालतो. व्यवहारांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपवरून होतात, म्हणजे मक्तेदारीची प्रवृत्ती येथेही आहे. एका ॲपचा वाटा तीस टक्क्यांवर जाऊ नये, या नियमाची मुदत वारंवार वाढवून आता डिसेंबर २०२६ पर्यंत नेली आहे. तरीसुद्धा उद्या एखादे ॲप नकोसे झाले, तर दुकानदाराला फलक बदलावा लागत नाही, ग्राहकाला बँक बदलावी लागत नाही, आणि कोणाचाही जुना व्यवहार बुडत नाही. प्ले स्टोअर सोडणाऱ्या ॲपनिर्मात्याला असे म्हणता येणार नाही.

सोडून जाण्यासाठी दुसरी पेठ लागते, आणि तिथेच खरी अडचण आहे. १ मार्चच्या त्या घटनेच्या नऊ दिवस आधी, २१ फेब्रुवारी २०२४ रोजी, फोनपेने इंडस ॲपस्टोअर सुरू केले. त्याचे मूळ मुंबईतील. आयआयटी मुंबईच्या माजी विद्यार्थ्यांनी भारतीय भाषांत चालणारा फोन घडवण्यासाठी काढलेल्या इंडस ओएस या कंपनीपासून ते सुरू होते, आणि इंग्रजीखेरीज मराठीसह बारा भारतीय भाषांत ते उपलब्ध आहे. पण प्ले स्टोअरमध्ये ते मिळत नाही. संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे लागते, आणि तसे करताना फोन धोक्याची सूचना दाखवतो. तीच सूचना, जी खोट्या लग्नपत्रिकेच्या वेळी दाखवतो. सामान्य माणूस दोन्हींत फरक कसा करणार? म्हणून अशा दुकानाला फोन-कंपन्यांशीच बोलणी करावी लागतात. शाओमीने जानेवारी २०२५ पासून भारतातील आपल्या फोनवर स्वतःच्या दुकानाच्या जागी इंडस बसवण्यास सुरुवात केली. दुसरी बाजू अशी की, ॲमेझॉनसारख्या धनाढ्य कंपनीनेही अँड्रॉइडवरील आपले ॲप-दुकान ऑगस्ट २०२५ मध्ये बंद केले. गाळा फुकट मिळाला तरी गिऱ्हाईक जुन्या पेठेतच जाते, हा अनुभव नवी बाजारपेठ वसवणाऱ्या कोणालाही सांगावा लागत नाही.

युरोपने मार्च २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना दारे उघडणे कायद्यानेच भाग पाडले, आणि जपानने त्याच वर्षी तसा कायदा केला. भारतात डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला, तोही ॲप काढण्याच्या प्रकरणानंतर अवघ्या काही दिवसांत.

कायदा येईल तेव्हा येईल. दरम्यान पेढीचे ॲप काढणाऱ्या कुटुंबांनी एक बारीक गोष्ट तपासून पाहावी. ॲप बनवून देणारी संस्था बहुधा प्ले स्टोअरवरील खातेही स्वतःच्याच नावाने उघडते. नाव पेढीचे, बोधचिन्ह पेढीचे. पण गाळ्याचा करार दुसऱ्याच्या नावावर. संस्थेशी बिनसले किंवा तिच्या दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाईकाच्या चुकीमुळे तिचे खाते बंद झाले, तर पेढीचे ॲपही त्यात जाते, आणि त्यासोबत ग्राहकांची यादी. खाते पेढीच्या नावाने काढणे अवघड नाही. गुगलचे शुल्क एकदाच पंचवीस डॉलर, ॲपलचे दरवर्षी नव्व्याण्णव डॉलर. संस्थेच्या खात्यासाठी दोघेही ‘डन्स’ नावाचा नऊ आकडी व्यवसाय-ओळख क्रमांक मागतात. ग्राहकांचे क्रमांक, मागण्या आणि हिशेब यांची प्रत दर महिन्याला स्वतःच्या संगणकावर उतरवून घेणे, आणि ॲपच्या जोडीला साधेसे का होईना स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ ठेवणे, यासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही. चोपडी दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवून कोणी रात्री पेढी बंद करत नसे.

अँड्रॉइडच्या दारावर आता आणखी एक कडी बसते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केले की, प्ले स्टोअरबाहेरून मिळणाऱ्या ॲपच्या निर्मात्यांनाही आपली ओळख गुगलकडे नोंदवावी लागेल. तसे न केल्यास गुगलची मान्यता असलेल्या फोनवर त्यांची ॲप बसणार नाहीत. सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंड या चार देशांपासून सुरुवात, आणि २०२७ पासून टप्प्याटप्प्याने इतरत्र, असे वेळापत्रक देण्यात आले. खोट्या पत्रिका पाठवणाऱ्यांना यामुळे आळा बसेल, असे गुगल सांगते, आणि तसे काही प्रमाणात घडेलही. विनामूल्य व खुल्या ॲपचे एफ-ड्रॉइड हे भांडार चालवणाऱ्यांनी मात्र यास कडाडून विरोध केला. आमच्या दुकानात कोण माल ठेवतो, हे शेजारच्या दुकानदाराने का ठरवावे, असा त्यांच्या आक्षेपाचा गाभा. नोव्हेंबरात गुगलने थोडे नमते घेतले. धोका पत्करून बाहेरचे ॲप बसवू इच्छिणाऱ्या जाणत्या वापरकर्त्यांसाठी एक वेगळी, अधिक पायऱ्यांची वाट ठेवण्याचे त्याने कबूल केले. त्या पायऱ्या किती असाव्यात आणि किती उंच, हे ठरवण्याचा अधिकार गुगलकडेच आहे.